नॉर्वे

एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी मी नॉर्वे होतो.
हिंगणा रोडवरची शाळा, सभागृहातला एसी बंद,
दोन कूलर, ओल्या वाळ्याचा वास,
गळ्यात काकाच्या लग्नातला टाय.

वितळणाऱ्या बर्फावर नव्वद सेकंद बोललो.
ब्राझीलनं, म्हणजे उर्वी गजभियेनं, हरकत घेतली.
तेवढ्यात चीनचा घोळणा फुटला,
ठरावाच्या मसुद्यावर तीन लाल थेंब.

‘बर्फ आणा!’ अध्यक्ष इंग्रजीत ओरडले.
शेवंतामावशी दारातूनच म्हणाली,
‘बर्फ कुठी राह्यला बाप्पा, सकाळीच संपला न!’
आणि कमरेला खोचलेला कांदा काढून
चीनला हुंगायला दिला.

ठराव पास झाला, बावीस विरुद्ध तीन.

दप्तरात विषयांचा फॉर्म, सोमवारी द्यायचा:
सहा चौकोन. अर्थशास्त्र शाईनं, बाबांसमोर.
पर्यावरण पेन्सिलनं.
भाषेच्या चौकोनात फ्रेंच लिहिलं, खोडलं.
मावशीचं वाक्य कुठल्या विषयात बसतं
हे कुणाला विचारावं, कळेना.

बस दुपारभर उन्हात उभी होती.
सीटला हात लावून पाहिला.
नॉर्वे उभ्यानंच घरी आला.