पाचवं फळ

झाडं जिथे गुडघ्याएवढी होऊन थांबतात
तिथून थोडं खाली, उतारावर
डेल्फीन काठीने दाखवते,
इथून त्या खडकापर्यंत सगळं जांभळं असायचं.
आता फरची पोरं. माझ्या खांद्याला लागतात.
त्यांच्या सावलीत हकलबेरी जगते,
पाला धरते,
फळ धरत नाही.

मी वनखात्याचा मोजणीदार.
चौकट टाकतो, लिहितो :
झुडपं एकोणीस, फळं चार.
पाच, ती म्हणते. एक तुझ्या बुटाखाली.

शेवटची टोपली भरली, वाऱ्याला पावसाचा वास आला
की तिचा मामा काडी ओढायचा.
वर जळतं, खाली मुळं जागी असतात,
एवढंच त्याचं शास्त्र.
मग एका वर्षी दंड झाला, अकरा डॉलर,
आणि डोंगर विझला तो विझलाच.

वाटेत अस्वलाची विष्ठा,
बियांनी ठासलेली, अजून ओली.
डेल्फीन उकरून बघते :
हिला कुठे मिळाली एवढी?
सांगायची नाही, लबाड.

परवानगीचा कागद माझ्या खिशात आहे.
दोन एकर. ढगाळ दिवस. पाण्याचा पंप जवळ.
जाळल्यावर फळ कधी, ती विचारते.
आठ वर्षं. दहासुद्धा.
फुलांवर जूनचा गारठा पडला नाही तर,
भुंगे आले तर.

ती एकोणऐंशीची.

खाली बसते. सीडारच्या मुळ्यांची टोपली मांडीत घेते,
मी मोजलेली चारही फळं तोडून तिच्यात टाकते.
तळ झाकत नाही.
मग काडेपेटी काढून
कानाशी हलवते.