पाऊण इंची

बुधवारी चौथ्या तासाला मी दारात उभी राहते
आणि म्हणते, चला, आपली मुलं.
आठवी ब मधली सहा जणं उठतात.
बाकीची बेचाळीस तोंडं बघत राहतात,
जसं कुणी दाखला काढून चाललंय.

वर्ग ते प्रयोगशाळा, चाळीस पावलं.
तेवढ्यात सुवार्ता भांबळ
गळ्यातला क्रूस कॉलरच्या आत ढकलते.
परत येताना तो बाहेर काढत नाही.

प्रयोगशाळा, कारण धर्मशिक्षणाला वेगळी खोली नाही.
चारही तुकड्यांची मिळून अठ्ठावीस डोकी
परीक्षानळ्यांशेजारी वाकतात.
गॅसचा वास, आमेन.

यंदा वरून छापील कागद आले.
मोठ्या अक्षरांत: माझी ओळख.
खाली एक रेघ: मी ............ आहे.
फळ्यावर मी उत्तर लिहिलं नव्हतं, खरं सांगते,
तरी सव्वीस जण 'देवाचं लेकरु' निघाले,
सगळ्यांचा रु ऱ्हस्व.
सुवार्तानं रेघ कोरी सोडली.
आणि शलमोन मकासरेनं लिहिलं,
मी प्लंबरचा मुलगा आहे.

मी लाल पेन उचललं.
मग आठवलं, त्यालाही गाव
बापाच्या रंध्यावरूनच ओळखायचं,
आणि ते काही कौतुकानं नव्हे.
पेनाला टोपण लावलं.

शलमोनचं ओळखपत्र जूनमध्येच चुकलं.
छापणाऱ्यानं अक्षरं खाल्ली, उरला सालमन.
कुणीतरी मोबाइलवर शोधलं: मासा.
तेव्हापासून तो बांगडा.
मधल्या सुट्टीत विचारतात, कसा दिला वाटा?
दुरुस्तीचा अर्ज मी तीनदा भरला.
फडतरे क्लार्क म्हणतात, पन्नास रुपये, आणि पुढच्या वर्षी.

त्यांचं घर रबाळ्याला.
ज्या हॉलमध्ये रविवारी उपासना, तिथं शनिवारी झुंबा.
दाखल्यावर एक जात, दारावर क्रूस;
फॉर्म भरताना बापाचा हात
रकान्यापाशी थांबतो,
पाइपात हवा अडकावी तसा.

परवा मी एक जुनी गोष्ट सांगितली.
भीतीच्या काळात दोन माणसं भेटली की
एकजण बोलता बोलता धुळीत
काठीनं एक कमान ओढायचा.
समोरचा आपला असला तर दुसरी ओढायचा.
दोन रेघा, मासा.
नसला, तर ती नुसतीच रेघ.
फळ्यावर मी अर्धा काढला, खडू पुढे केला.
शलमोनकडे बघितलं नाही.
बघितलं.
तो म्हणाला, बाई, हा एल्बो आहे. पाऊण इंची.
सगळे हसले, मी हसले,
आणि जूननंतर पहिल्यांदाच तोही.
घंटा झाली. अर्धा मासा डस्टरनं पुसला.

रात्री वह्या तपासताना वाटलं,
मी कोण यांना ओळख देणारी?
नाताळात घणसोलीच्या शेजारणीला करंज्या देताना
'आमच्यात' म्हणते मी,
आणि तेवढ्या एका शब्दाला
माझा आवाज अजून खाली उतरतो.

शुक्रवारी कूलरचा नळ गळत नव्हता.
महिनाभर गळायचा, खाली बादली असायची.
सांध्यावर पांढरी टेप, नीट, तीन वेढे.
कंपासपेटीत काय काय ठेवतात ही मुलं.
आणि खाली, ओल जिथं संपते त्याच्या जरा वर,
टाइलवर बॉलपेननं काढलेली एक कमान.
एकच.
पुढची जागा मोकळी.

जिन्यावरून सातवीची रांग उतरत होती.
माझ्या हातात खडू होता.
टाइलवर खडू धरत नाही.
मी तिथंच उभी राहून पर्स उपसली,
चष्म्याचं घर, रिक्षाची सुट्टी नाणी, गोळ्यांचं पाकीट.
पेन सापडलं. ते लाल निघालं.