नऊ नंबरची किल्ली

खिडकीमागे मी बसते. तिकीट, टॉवेल, किल्ली.
सव्वीस वर्षं हेच तीन शब्द,
आणि कधीमधी चौथा : बर्फ.
ताम्पेरेत हिवाळा काढायला एवढे पुरतात.

माणसं मला वारानं आणि नंबरानं ठाऊक.
मंगळवारचा सतरा, गुडघ्यावर टाक्यांची गोम,
वरच्या बाकावर भिंतीकडचा कोपरा त्याचा.
शुक्रवारची चार. दगडांवर पाणी मारण्याआधी
विचारते, टाकू का?
आणि कुणी हो म्हणायच्या आत टाकते.
एकतीस मोगादिशूचा, बस चालवतो. पहिल्या दिवशी म्हणाला,
आमच्याकडे ही बाफ फुकट असते, दुपारी बारा वाजता.

कपडे खुंटीला लागले की आडनावही तिथंच राहतं.
आत सगळ्यांच्या पाठी सारख्याच लाल.

ऑक्टोबरात आउलिक्कीनं भिंतीवर कागद डकवला.
मालकीण ती. वय ब्याऐंशी,
भट्टीच्या धुरानं छातीत बिऱ्हाड केलेलं.
"सॉना विकते आहे. लाहतीची कंपनी एक लाख चाळीस हजार देते,
खाली सायकली ठेवील, वर फ्लॅट काढील.
मार्चअखेर तेवढेच तुम्ही आणलेत तर तुमचा."
खाली सही. सहीखाली पेन्सिलीनं :
दार नीट लावा, थंडी आत येते.

त्या रात्री कुणी काही बोललं नाही.
पाणी मात्र नेहमीपेक्षा जास्त पडलं.

मग चारनं वही काढली. एक वाटा दोनशे युरोंचा,
ज्याला जमेल त्यानं दोन घ्यावेत, नाही जमलं तर अर्धा.
पण सहकारी संस्थेच्या कागदावर नंबर चालत नाही,
तिथं पूर्ण नाव लागतं, बापाच्या आडनावासकट.
म्हणून ते एकेक करून खिडकीशी आले,
कोट, मफलर, हातमोजे, सगळं अंगावर,
आणि नाव सांगताना असे लाजले
की मलाच दुसरीकडे बघावं लागलं.
सतरा म्हणजे वाल्फ्रिद रंताकोक्को. असेल बापडा.
चार, हेल्लेवि. एकतीस, अब्दिकरीम वर्समे,
त्याचं स्पेलिंग मी तीनदा खोडलं.
बावीसनं नाव सांगितलं आणि माझं पेन थांबलं :
माझ्या घरभाड्याच्या पावतीवर
दर महिन्याला येते ती सही याचीच.
इतकी वर्षं मी त्याला कोरडा टॉवेल देत होते.
त्याला चार वाटे घ्यायला लावले.

फेब्रुवारीत गाडं अडलं.
मुलांनी बन विकले, अब्दिकरीमनं डेपोत डबा फिरवला,
कुणी बापाची होडी विकली आणि घरी सांगितलं नाही.
मार्चच्या विसाव्या दिवशी
एक अनोळखी बाई आली. टेबलावर किल्ली ठेवली, नऊ नंबर,
तेरा वर्षांपूर्वी हरवली म्हणून मी वहीत मांडलेली.
"त्यांच्या कोटाच्या अस्तरात सापडली," म्हणाली,
"कोट आता द्यायला काढला."
सोबत पाकीट. उशिराचा दंड, म्हणे.
पाकिटात सहाशे होते.

तरी नऊशे कमीच पडले.
आउलिक्कीनं चष्मा लावून आकडा वाचला, काढला, पुसला.
"धुराड्याला वरून तडा आहे," ती म्हणाली,
"तुम्हाला सांगणार नव्हते. नऊशे त्याचे वजा."

आता आम्ही दोनशे अकरा मालक आहोत
आणि प्रत्येकाला वेगळी ऊब हवी.
पहिली सभा तीन तास चालली : भिंतीवरचा तो कागद काढायचा की ठेवायचा.
विक्रीचा मजकूर कापला. पेन्सिलीची ओळ ठेवली.
पूर्वी तक्रार घेऊन मालकिणीकडे जायचे,
आता एकमेकांकडे बघतात आणि गप्प बसतात.

काल ती आली. खिडकीसमोर, रांगेत,
हातात मोजून आणलेली चिल्लर.
जन्मात पहिल्यांदा तिकीट काढत होती.
कुठली किल्ली देऊ, मी विचारलं.
"मला काय माहीत. रिकामी असेल ती."

मी नऊ दिली.
बाकावर जागा करताना कुरकुर ऐकू आली,
मग चारचा आवाज, टाकू का,
आणि लगेच दगडांचा.