आय वेंट टू राजवाडा

परदेशीपुऱ्यातल्या सरकारी शाळेत
पाचवा तास इंग्रजीचा.
खिचडी खाऊन पोरं सुस्तावलेली,
पंखा एकच, तोही मुलींच्या रांगेवर,
आणि पुस्तकातला तिसरा धडा असा
की त्यात कुणालाच कुठे जायचं नाही.

मी पुस्तक मिटलं.
म्हटलं, चला बाजारात.

खेळ जुनाच, मी शोधलेला नाही.
पहिल्यानं म्हणायचं, आय वेंट टू राजवाडा अँड आय बॉट काहीतरी.
दुसऱ्यानं ते घेऊन आपलं एक जोडायचं,
तिसऱ्यानं दोघांचं ओझं उचलायचं.
विसरला तो बाद.
हसला तोही बाद. हा नियम मात्र माझा.
पुण्याची मामी आली की माझ्या
‘काय करून राहिली’ला
पदर तोंडाशी धरून हसायची;
तिच्या सबंध मुक्कामात
आठ वर्षांची मी मानेनंच बोलले होते.

लोकेंद्रनं सुरुवात केली : सेव, वन किलो.
नौशीननं जिरावन घेतलं.
जिरावनला इंग्रजीत शब्द नाही, म्हटलं,
नसू दे, आपला देऊ त्यांना.
दीपेशचे वडील पंक्चर काढतात, त्यानं ट्यूब आणली.
कुणी टॉवेल, कुणी पतंग, कुणी एलिफंट.
कुठे बांधणार? तर म्हणाला, स्टाफरूम.
चौघे बाद.

‘बाय’चं ‘बॉट’ होतं हे
जूनपासून फळ्यावर लिहून खडू झिजले
आणि आता लाह्या फुटाव्यात तसं
बॉट, बॉट, बॉट.

तेरावी रानू कुशवाह.
दाखला घेऊन आली तेव्हापासून
हजेरीचं ‘यस मॅडम’ एवढंच तिचं इंग्रजी,
जवळजवळ एवढंच तिचं बोलणं.
मी तिला ओलांडून पुढे जाणार होते.
ती उभी राहिली.
बाराही वस्तू बिनचूक मांडल्या, मग थांबली.
“मॅडम, पायल को क्या कहते हैं?”
अँकलेट्स, मी म्हटलं.
“आय वेंट टू सराफा
अँड आय बॉट बॅक माय मदर्स अँकलेट्स.”

राजवाडा सोडून सराफ्यात गेली, म्हणजे चूकच.
पण ते ‘बॅक’.
मी शिकवलं नव्हतं, पुस्तकात नव्हतं.
कुठून आणलं हिनं, किती दिवस
जिभेखाली धरून ठेवलं होतं,
हे विचारायला मला
तिन्ही भाषांत वाक्य सापडेना.

आणि खेळ थोडाच थांबतो.
तन्मयला घ्यावंच लागलं ते. मग हर्षिताला. मग अल्तमशला.
सेव, जिरावन, हत्ती आणि काय काय घेऊन
एकेक जण सराफ्यात जात होता,
पैंजण सोडवून आणत होता.
कुणी अँकलेट, कुणी अंकललेट,
अल्तमशनं तर थेट अंकल्स,
तरी सोडवलेच.
रानू बाकावर बसून बोटं मोजत होती.

शेवटी पोरं ओरडली, मॅडम, आप भी!
मी झोकात निघाले
आणि पतंगापाशी अडले.
पतंगानंतर काय?
सगळा वर्ग ओठ दाबून. नियम म्हणजे नियम.
“एलिफंट, मॅडम,” रानू हळूच म्हणाली,
“स्टाफरूम में.”
आणि खुदकन हसून
स्वतःच बाद झाली.