गच्चीवर दोर

भांडुपच्या आमच्या आठ मजली बिल्डिंगच्या गच्चीवर
साठ मीटर दोर पसरलाय मी,
टाकीपासून कठड्यापर्यंत, कठड्यापासून टाकीपर्यंत.
तेंडोलकर काकू विचारतात,
एवढ्या दोरीवर वाळत काय घालणार?
दोरच, मी म्हणते.

तांदूळ निवडावेत तसा निवडते आहे,
वीत वीत, चिमटीत धरून.
कुठे फुगलाय, कुठे आतून मऊ पडलाय,
डोळ्याला दिसत नाही ते अंगठ्याला कळतं.

हेच तांदूळ, बारा किलो, पाठीवर घेऊन
चार महिने जिना चढले, पहाटे पाचला, अकरा अकरा वेळा.
वॉचमन रोज सांगायचा, ताई, लिफ्ट चालू आहे.

चव्वेचाळिसाव्या मीटरशी अंगठा थांबला.
पुढे गेला.
मागे आला.

माथा समोर होता. दोनशे मीटर.
म्हणजे आमच्यासारख्या आठ बिल्डिंगा, एकावर एक.
दोराच्या त्या टोकाला ऑस्टिन, गावठाणातला,
ज्याच्या आईने नाताळच्या आत परत या एवढंच सांगितलेलं.
एक वाजला की मागे, हे खालीच ठरलं होतं,
तंबूत, चहा पिताना, डोकं ठिकाणावर असताना.
बाराला वीस कमी होते.
आणि त्याने डावा हातमोजा उजव्या हातात घातला होता
आणि त्याला ते कळत नव्हतं.
हसत होता. शब्द जिभेवरून घसरत होते.
खाली, मी म्हटलं.
हा काय माथा, तो म्हणाला, हा काय.
वाद घातला नाही. दोर दोनदा ओढला,
आणि वळले.

उतरताना तो घसरला तेव्हा
खडकाच्या धारेवर दोर करकरला,
त्याचा आवाज अजून माझ्या दाढेत आहे.

पाचशे मीटर खाली आल्यावर तो बसला,
हातमोजे काढून नीट घातले,
आणि म्हणाला, अगं, केवढं निळं आहे हे!
सकाळपासून त्याच निळ्यातून चाललो होतो आम्ही.
मग कितीतरी वेळ बघत राहिलो,
ढगाची सावली हिमनदीवरून सरकताना,
कोणी मोठं जनावर कुशीवर वळावं तशी.
फोटो एकच आला. त्यात माझी कोपरं आहेत.

ऑफिसात विचारतात, मग पोचलात का वर?
हो म्हणावं की नाही, या विचारात
लिफ्टचं दार मिटतं.

कात्री चालत नाही, सुरी तापवावी लागते.
चव्वेचाळिसावर कापला.
उरलेले सोळा मीटर काकूंना दिले.
त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला,
भार घेईल ना गं?
माणसाचा नाही. चादरींचा घेईल.

रात्रभर वारा होता, धूर सगळा धुऊन निघालाय.
मिठागरांपलीकडे खाडी, ऐरोली, पारसिकचा डोंगर,
आणि त्याच्याही मागे, वर्षातून दोन-चारदाच दिसते ती
माथेरानची सपाट पाठ.
काकू, इकडे या, म्हणते मी.
थांब, ही उशीची खोळ तेवढी टाकते, म्हणतात त्या,
आणि तोंडात चिमटा धरूनच येतात.