दांडिया बाजार नावाचा ग्रह

पाच वर्षं आम्ही तोच ट्रेलर पाहिला.
दोन मिनिटं, अकरा सेकंद.
तो लांबमान्या प्राणी नेमका कितव्या सेकंदाला
मागं वळून पाहतो
हे केयूर झोपेतही सांगायचा.

ग्रह म्हणे मोजता येणार नाहीत इतके.
प्रत्येकावर वेगळं गवत, वेगळं ऊन,
आणि कुणीच न पाहिलेलं काहीतरी
ज्याच्या त्याच्यासाठी राखून ठेवलेलं.
सुरसागरच्या कठड्याशी, शेवउसळीची तरी फुंकत
आम्ही वाटण्या करून टाकल्या:
नद्या निनादच्या,
पडके अवशेष माझे,
व्यापार अर्थात केयूरचा.
"मंगळ बाजार आपल्याकडं आहेच," तो म्हणाला,
"बाकीचे ग्रह तेवढे बघू."

बनवणाऱ्यांतली एक चष्मेवाली बाई
मुलाखती द्यायची.
तिला विचारलं, नद्या असतील?
ती हसली.
दोन खेळाडू समोरासमोर आले तर?
ती म्हणाली, विश्व फार मोठं आहे.
आम्ही त्या हसण्याचा अर्थ लावला: हो.
विश्व फार मोठं आहे, याचाही: हो.
नाही, असं ती म्हणाली नव्हती.
आज आठवून पाहतो
तर हो असंही म्हणाली नव्हती.

तारीख तीनदा पुढं गेली.
चौथ्या वेळी मी मकरपुऱ्याच्या कंपनीत
नवसारीची मावशी गेली म्हणून रजा टाकली.
रात्रभर डाऊनलोड. त्र्याहत्तर टक्क्यांवर नेट अडलं,
आणि मावशीचाच फोन,
पापड मिळाले का?

पहिला ग्रह जांभळा होता.
मी तासभर नुसता उभा राहिलो, खरंच.
दुसराही जांभळा, जरासा हिरवट.
तिसऱ्यावर तो लांबमान्या भेटला,
डोकं मात्र दुसऱ्याच कुणाचं,
घाईत डबे भरताना
झाकणं बदलावीत तसं.
निनाद अकरा रात्री नदी शोधत होता.
पाणी होतं.
वाहत नव्हतं.

आम्ही मग भेटायचं ठरवलं.
एका ग्रहाला मी नाव दिलं दांडिया बाजार,
खूण म्हणून एक दगड, बसलेल्या म्हशीसारखा.
दोघं पोचलो. फोन कानाला.
"दिसतोयस का रे?"
"दगडापाशी आहे."
"मीपण दगडापाशीच."
"मागच्या बाजूला ये."
"आलो."
बराच वेळ आम्ही दोघं
त्या एकाच दगडाभोवती फिरत राहिलो,
आपापल्या रिकाम्या ग्रहावर.

केयूरनं पैसे परत मागणारं पत्र लिहिलं,
हुंडा फसल्यासारखं.
मीही शिव्या दिल्या. शुद्धलेखन तपासून.

त्याच श्रावणात विश्वामित्री चढली.
पहाटे चारला निनादचा फोन,
"मिळाली नदी. पार्किंगमध्ये आहे."
आणि त्याच्या स्कूटरवर हनुवटी टेकून
एक मगर.
त्यानं टॉर्च मारला तेव्हा
तिनं सावकाश मागं वळून पाहिलं.
कितव्या सेकंदाला, कुणी मोजलं नाही.
निनाद पुन्हा कधी खेळला नाही.
का, ते विचारलं तर म्हणतो, स्कूटर दुरुस्तीला होती.

केयूर आता ब्रॅम्प्टनला. गोदामात रात्रपाळी.
काल अचानक मेसेज:
त्यांनी पुष्कळ सुधारलंय म्हणे,
आता माणसं दिसतात एकमेकांना. येतोस?

मी पुन्हा भुलणार नव्हतो.
जुना पासवर्ड पहिल्याच फटक्यात आठवला.

नाव तसंच आहे, माझ्या चुकलेल्या वेलांटीसकट.
म्हशीच्या पाठीवर गवत उगवलंय
आणि ते हलतंय.
इथं घरात आई विचारतेय, उद्या डबा द्यायचा ना?
मी मेसेज टाकतो:
दगडापाशी आहे.

तिकडून उत्तर:
एकोणचाळीस टक्के. थांब.