केळीचा चीक

सावद्याच्या शाळेत, सातवी ब च्या वर्गात
शेवटची फेरी. कूलर होता, पाणी नव्हतं.
मला पांढरी मोहरी.
समोर मुराद तडवी, पालकडचा,
रेटिंगच्या रकान्यात आडवी रेघ.
मधल्या सुट्टीत एक गाडी केळी भरून आलेला,
बाह्या दुमडलेल्या, अंगाला घडांचा ओला वास.

मी गणिताचा मास्तर, सव्वीस वर्षं.
लिहिलेला कागद दिसला की हात शिवशिवतो.
अकराव्या चालीला त्यानं
राजाकडचं, अगदी कडेचं प्यादं
एक घर पुढं ढकललं. बस्स.
ना हल्ला, ना बचाव.
मी चाल टिपली
आणि सवयीनं समोर शेरा मारला: उगाच.
पंचांनी डोळे वटारले. शेरे लिहायचे नसतात म्हणे.

मग मी चढत गेलो.
उंट तिरपे, हत्ती मोकळ्या पट्टीवर.
तो मान खाली घालून गप्प,
घड्याळसुद्धा असं दाबायचा
जसं फळाला डाग लागू नये.
बत्तिसाव्या चालीला मी वजीर दिला.
हो, दिला. गेला नाही.
मागं रावेरचे दोघं वाकून बघायला लागले.
त्यानं घेतला.
मी हत्ती शेवटच्या रांगेत नेऊन आपटला. शह!
मात म्हणायला तोंड उघडलंच होतं,
तेवढ्यात त्याचा काळा राजा उठला
आणि निवांत जाऊन बसला
त्या 'उगाच'च्या मागं,
रिकाम्या घरात.

वजीर नाही, दुसरा शह नाही.
मी माझा राजा आडवा केला.

"डाव तुमचाच व्हता, सर," तो म्हणाला.
करंडकाला थांबला नाही.
"मले दुसरी गाडी भराची हाये."
फाटकाशी घडातून एक फणी कापून
माझ्या हातात दिली,
दांड्यातून दोन थेंब बाहीवर पडले.
पाणीच ते, मी झटकलं.

पाणी नव्हतं.
जन्म केळीच्या मुलखात गेला
आणि मला हे सांगायला तिसरा दिवस उजाडावा लागला.
साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं.
काळा तो काळाच.

शर्ट घालतो मी अजून.
फळ्यावर लिहायला हात वर गेला
की पहिल्या बाकावरची वारक्यांची पोर विचारते,
सर, ते काय?
अकरावी चाल, म्हणतो,
आणि पुढचं उदाहरण सांगतो.